पुसायचं नाही, झाकायचं

नाना पेंटर कॉम्प्युटरवर चित्र काढताना पेन वाटीत बुडवत.

वाटीत पाणी नसे. टॅबलेटच्या उजव्या अंगाला ती स्टीलची वाटी ठेवलेली, कोरडी ठणठणीत. नाना त्या प्लॅस्टिकच्या पेनाने चार-सहा फटकारे मारत, मग पेन वाटीत नेऊन काठावर दोनदा टणटण वाजवत, मांडीवरच्या फडक्याला टोक पुसत आणि पुन्हा कामाला लागत. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, डोक्यावर काहीतरी परिणाम आहे. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, "नाना, त्या पेनात रंग नसतो हो."

"माले ठाऊक शे, माय," नाना म्हणाले. "रंग नही ते नही. हाताले इसावा लागस का नही?"

पुढे महिन्याभराने बोलता बोलता मीच एकदा माझं पेन त्यांच्या वाटीत टणटण वाजवलं. नानांनी पाहिलं, हसले मात्र नाहीत. फक्त वाटी इंचभर माझ्याकडे सरकवली.

आमचा स्टुडिओ जळगावात, सोन्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे बॅनर, सगळं व्हायचं. पण दुकानाचं नाव होतं ते 'तोंडां'साठी. घरातलं मोठं माणूस गेलं की लोक त्याचा जो काही फोटो हाती लागेल तो घेऊन येत. कधी लग्नातल्या घोळक्यातला, कधी आधारकार्डावरचा. आम्ही तो कॉम्प्युटरवर रंगवून, जुन्या तैलचित्रासारखा करून, हार घालता येईल अशा मोठ्या फ्रेममध्ये देत असू. या कामाला दुकानात 'तोंड' म्हणत. "आज तीन तोंडं आहेत, चहा लवकर घ्या," असं आमचे मालक किशोरभाऊ सकाळी सगळ्यांसमक्ष सांगत, आणि बाकावर बसलेली नवी गिऱ्हाइकं दचकून एकमेकांकडे बघायला लागत.

नाना मूळचे धुळ्याचे. तरुणपणी हायवेवरच्या ट्रकांच्या पाठीवर मोर, कमळं आणि डोळे वटारलेले वाघ काढायचे. मग दुकानांच्या पाट्या, मग बैठकीच्या खोलीत लावायची तैलचित्रं. किशोरभाऊंच्या वडिलांच्या दुकानाची पहिली पाटीही त्यांनीच रंगवलेली. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. तेही नानांनी सोसलं असतं, पण त्याच सुमाराला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कोणी बघत असलं की ते तो हात खिशात घालून उभे राहत. चहासुद्धा डाव्या हाताने पीत आणि वर सांगत, "डॉक्टरनं सांगेल शे." कोणत्याही डॉक्टरने असलं काही सांगितलेलं नव्हतं. मुलाच्या नोकरीपायी ते जळगावला आले तेव्हा किशोरभाऊंनी जुन्या ओळखीपोटी त्यांना माझ्या शेजारची खुर्ची दिली आणि मला सांगितलं, "स्वाती, नानांना कॉम्प्युटर शिकव."

मी पहूरची. जामनेरच्या क्लासमधून ग्राफिक डिझाइनचं प्रमाणपत्र घेतलेली, म्हणजे स्वतःला फारच शहाणी समजणारी. मी नानांना ब्रश दाखवला, रंग दाखवले आणि तिसऱ्या तासाला मोठ्या कौतुकाने इरेझर दाखवला. "हे बघा, चुकलं की पुसून टाकायचं."

नाना एकदम ताठ झाले. "पुसनं? चाळीस वरीस भित्तीवर काम करं मी. भित्त पुसता येस का? पुसनार तो पेंटर नही. झाकनार तो पेंटर."

माझी बोली पूर्वेकडची, नानांची धुळ्याकडची. निम्मं कळलं, निम्मं त्यांच्या भुवयांवरून ओळखलं. आता या माणसाला काय शिकवावं, असं म्हणत मी कंटाळून त्यांना लेयर मास्क दाखवला. खाली मूळ फोटो, त्याच्यावर रंगवलेला थर, आणि त्या थराला जोडलेला एक पांढरा चौकोन, म्हणजे मास्क. मास्कवर काळा ब्रश फिरवला की वरचा थर तेवढ्यापुरता झाकला जातो आणि खालचा फोटो दिसतो. पांढरा फिरवला की वरचं रंगकाम जसंच्या तसं परत येतं. करडा फिरवला तर अर्धं हे, अर्धं ते.

नानांनी त्या पांढऱ्या चौकोनावर बोट टेकवलं. मग हळूच विचारलं, "म्हंजे झाकं ते मरत नही?"

"नाही नाना. नुसतं दिसत नाही."

"आनि मन्हा हात हालना तं?"

"तर पांढरा फिरवायचा. काही बिघडत नाही."

त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी एका पासपोर्ट फोटोलाच मास्क लावून त्यातल्या गृहस्थांचा कान काळ्याने घालवला आणि पांढऱ्याने आणला, घालवला आणि आणला. गृहस्थ समोर बाकावर बसलेले. शेवटी त्यांनी स्वतःचा कान चाचपून पाहिला आणि फोटो उद्या नेतो म्हणून सांगितलं.

त्यानंतर नानांनी काहीही पुसलं नाही. काही म्हणजे काहीच नाही. त्यांची फाइल उघडायला लागली की कॉम्प्युटरचा पंखा घरघरायचा आणि आम्ही चहाला जाऊन यायचो. कारण गेलेल्या माणसाचं चित्र पसंत करायला आमच्याकडे एकटं-दुकटं कोणी येत नाही, अख्खं घर येतं. मोठा मुलगा म्हणतो नाक सरळ होतं, धाकटी सून म्हणते बाकदार, आत्याबाई म्हणतात दोघांनाही काही ठाऊक नाही. मी असते तर एक नाक ठेवून बाकीची उडवली असती. नाना प्रत्येकाचं नाक वेगळ्या लेयरवर काढत, प्रत्येकाला मास्क लावत आणि वर नावं देत: 'मोठा पोऱ्या', 'धाकली सून', 'फुई'. एका केळीवाल्या आजोबांच्या फाइलमध्ये नऊ नाकं आणि चार मिशा होत्या.

"नाना, इतकी नाकं कशाला ठेवता?"

"ज्याना त्याना बाप येगळा ऱ्हास, माय," ते म्हणत.

बोलणं थोर होतं, पण तोंडं परत यायला लागली. पहिलं परत आलं ते एका निवृत्त मास्तरांचं. दोघं मुलगे मागे उभे राहून बघत होते. नानांना गालावरचा रंग थोडा कमी करायचा होता. त्यांनी काळा ब्रश घेतला, पण त्याआधी मास्कवर क्लिक करायचं विसरले. भिंतीला असला चौकोन नसतो, त्यामुळे ही चूक त्यांच्या हातून हटकून व्हायची. काळा रंग थेट चित्रावर उतरला आणि मुलांच्या डोळ्यांदेखत नानांनी त्यांच्या पूज्य वडिलांच्या तोंडाला काळं फासलं. मुलगे ओरडले. "थांबा, थांबा, पांढरा फिरवस," असं म्हणत नानांनी लगबगीने पांढरा घेतला आणि तोही चित्रावरच फिरवला. मास्तर आता चुना लावल्यासारखे दिसायला लागले. मी धावत येऊन सगळं उलटं फिरवलं, पण तोवर मोठा मुलगा बूट घालत होता.

दुसरं तोंड नऊ नाकांच्या आजोबांचं. नानांनी सगळ्या नाकांवर करडा ब्रश फिरवून थोडं थोडं प्रत्येकाचं ठेवलं. घर खूश झालं. फ्रेम घरी गेली, हार घातला आणि भेटायला आलेल्या शेजाऱ्याने विचारलं, "हे कोण? व्याही का?"

तिसरं सगळ्यात वाईट. लग्नाच्या घोळक्यातून एका काकांना वेगळं काढायचं होतं. त्यांच्या खांद्यावर शेजारच्या माणसाचा हात होता. नानांनी तो झाकला, पण ब्रश पूर्ण ताकदीचा नव्हता. पडद्यावर कोणाला कळलं नाही. दोन फूट बाय तीन फूट छापल्यावर काकांच्या खांद्यावर धुरकट पाच बोटं उमटली. अर्धं घर घाबरलं. उरलेल्या अर्ध्याने तो पितरांचा हात आहे असं ठरवून फोटोला नमस्कार केला. दोन्ही पक्ष भांडत दुकानात आले आणि किशोरभाऊंना दुपारचं जेवण सोडून उठावं लागलं.

ते गेल्यावर किशोरभाऊ नानांसमोर बसले. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. "नाना, आणखी एक तोंड देतो. हेही परत आलं तर पुढची तोंडं स्वाती करेल. तुम्ही पासपोर्टचे मागचे पडदे पांढरे करा. पगार आणि खुर्ची आहे तशीच राहील."

नानांनी हात खिशात घातला. "बरं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी वाटी वाजवली नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

ते शेवटचं तोंड आलं धुळ्याकडच्या एका शेतकरी घरातलं. मुलगा दिलीप इथे पाइपच्या कारखान्यात कामाला. वडील, आप्पा, पंधरा दिवसांपूर्वी गेलेले. त्यांचा सगळा मिळून एक फोटो होता: कोणाच्या तरी लग्नात, उन्हात, मंडपाच्या कडेला उभे, कपाळाला आठ्या आणि ओठ घट्ट मिटलेले. जणू कॅमेऱ्यानेच त्यांचे बैल सोडून दिले होते. दिलीप म्हणाला, "नाना, फेटा घाला, शाल घाला. आणि चेहरा जरा प्रसन्न करा."

नानांनी चार दिवस काम केलं. थरथरत्या हाताने, बारीक बारीक टिपके देत. फेटा असा बांधला की वाटावं हात लावला तर कडक लागेल. भुवईवरची जुनी खोक भरली, एक पापणी खाली आलेली होती ती उचलली, ओठांना किंचित हसू दिलं. मास्कवर क्लिक केलंय का, हे ते दर वेळी मला विचारत आणि मी दर वेळी उठून बघत असे.

पाचव्या दिवशी घरचे आले. दिलीप, त्याची बायको, बहीण आणि आई, जिला सगळे अक्का म्हणत. अक्का दाराजवळच्या बाकावर पंख्याकडे बघत बसून राहिल्या. बाकीचे तिघं पडद्यापुढे उभे राहिले आणि बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय सुंदर केलंय! आप्पा एकदम पाटील दिसताहेत." दिलीप म्हणाला, "एकही बदल नको. छापा."

किशोरभाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी प्रिंटरकडे निघाले. आणि नाना खुर्चीवरून उठून अक्कांकडे बोट दाखवत म्हणाले, "बठ्ठासनी सांगं. इले कोनी इचारं का?"

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पास झालेला पेपर परत मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पण नाना अक्कांजवळ गेले होते. "अक्का, या. दखी ल्या."

अक्का आल्या. पडद्याकडे बराच वेळ बघितलं. मग लेकाकडे वळून विचारलं, "हाऊ कोन शे?"

किशोरभाऊ होते तिथेच स्टुलावर बसले.

"काय कमी शे, अक्का?" नानांनी विचारलं.

"कमी काही नही," अक्का म्हणाल्या. "जास्ती शे."

नानांनी काळा ब्रश घेतला, माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, आणि त्यांनी मास्कवर भुवईपाशी हलकेच फिरवला. रंगाखालून खोक वर आली. अक्का पुढे वाकल्या. "बैलनं शिंग लागेल व्हतं," त्या म्हणाल्या. "आजून." पापणी खाली आली. "आजून." नानांचा हात आता इतका थरथरत होता की ब्रश गालावर भलतीकडेच जायला लागला. अक्कांनी काही न विचारता त्यांच्या हातातून पेन घेतलं. काडेपेटीतली काडी धरावी तसं धरलं आणि स्वतःच ओठांवरून फिरवायला लागल्या. एकेका फटकाऱ्याने नानांचं सुंदर हसू जात होतं आणि खालचे घट्ट मिटलेले ओठ वर येत होते.

"माय, आप्पा रागीट दिसताहेत ना," मुलगी म्हणाली.

"व्हतातच रागीट. पंचेचाळीस वरीस मी दखेल शे का तू?"

शेवटी त्यांनी पेन ठेवलं. पडद्यावर फेटा नानांचा होता, शाल नानांची होती, आणि मधून तो उन्हातला माणूस रोखून बघत होता. "हा," अक्का म्हणाल्या. "आते आप्पा शेतस." आणि त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढून घेतला. दिलीप तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला लागला. मला रडू आवरेना, म्हणून मी प्रिंटरमधला कागद संपलेला नसताना तो बदलला.

तोंडं नानांकडेच राहिली. पण त्यांनी त्यातून भलताच धडा घेतला. त्यानंतर प्रत्येक घरातल्या एका माणसाच्या हाती पेन दिल्याशिवाय ते फोटो छापू देईनात. सुना रांग लावत, मावश्या पेन वाटीत बुडवून बघत, आणि एका आजीने नवऱ्याची मिशी सगळीच झाकून टाकली, म्हणाली, "आयुष्यभर सांगत होते, आज काढली." किशोरभाऊ कपाळाला हात लावत, पण एकही तोंड परत येईना, म्हणून गप्प बसत.

सहा महिन्यांनी अक्का पुन्हा आल्या, एकट्या. बसून पाणी प्यायल्या आणि नानांना म्हणाल्या, "जवय चहा लेस तवय आप्पा मन्हाकडे दखतस. राग ते व्हताच. पन आते कसाना राग? थोडा झाकी द्या."

नानांनी फाइल उघडली. पंखा घरघरला. पांढरा ब्रश घेऊन त्यांनी ओठांच्या एका कोपऱ्यावर दोन फटकारे मारले. त्यांनी दिलेलं हसू तिथेच होतं, जेवढं हवं तेवढं वर आलं. अक्का नवी प्रिंट पिशवीत घालून गेल्या. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "दख. पुसं असतं तं आते काय देतू इले?" मी त्या दिवसापासून इरेझर वापरलेला नाही.

गेल्या वर्षी नाना धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. मधूनमधून फोन करायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "आज कितला तोंडं?" मग एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. रात्री झोपेतच गेले होते. किशोरभाऊंनी शटर अर्धं ओढलं आणि आम्ही दोघं उगाचच टेबल पुसत राहिलो.

पुढच्या महिन्यात अक्का आल्या. आप्पांच्या ओठांवर अजून एक फटकारा हवा होता. मी नानांचं सांगितलं. त्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "त्यासना फोटो कोनी करा?"

कोणी केला नव्हता. लोकांची शेकडो तोंडं करणाऱ्या माणसाचा एकच फोटो होता, मी मोबाइलवर चुकून काढलेला. तो मी रंगवायला घेतला होता, पण पुरा होत नव्हता. रोज उघडायचे आणि बंद करायचे. मी तो अक्कांना दाखवला. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि बराच वेळ बघितलं.

"आप्पासनं ऱ्हाऊ दे आज," त्या म्हणाल्या. "पहिले हाई कर. त्यासनं नाक मोठं व्हतं. लाजू नको, कर मोठं."

नाक खरोखरच मोठं होतं, चांगलंच मोठं. खरं सांगायचं तर या लेखातही मी ते आत्तापर्यंत झाकूनच ठेवलं होतं.